मूळ गाव कोणते?

मराठवाड्यात दोन अनोळखी माणसे एसटीच्या बाकावर शेजारी बसली, की पहिल्या दहा मिनिटांत एक प्रश्न हमखास येतो : "गाव कोणतं तुमचं?" प्रश्न साधा आहे आणि बहुतेक वेळा तो मायेनेच विचारलेला असतो. एखादी ओळख निघावी, एखादा सोयरा निघावा, प्रवास गप्पांत सरावा, एवढाच त्यामागचा हेतू. परंतु या प्रश्नाला मी "नांदेड" असे उत्तर देतो, तेव्हा विचारणाऱ्याचे समाधान झाल्याचे मला आजवर कधी आढळलेले नाही. तो जरा थांबतो, तंबाखू मळता मळता माझ्याकडे नीट पाहतो आणि म्हणतो, "ते झालं वो. पण मूळ गाव?"

या 'मूळ' शब्दाशी माझे भांडण आहे. दिवाळीच्या अंकात भांडण कशाला, असे कोणी म्हणेल. पण वर्षातील सर्वांत जास्त वेळा हा प्रश्न याच चार दिवसांत विचारला जातो. शहरे रिकामी होतात, एसटीच्या गाड्या तुडुंब भरतात आणि जो शहरातच राहतो त्याला शेजारी हळहळून विचारतात, "म्हणजे, तुम्हाला गावच नाही?" तेव्हा या भांडणाला याहून चांगला मुहूर्त मिळायचा नाही.

माझा जन्म नांदेडचा, गाडीपुऱ्यातला. वडिलांची सारी हयात त्याच शहरात गेली. आजोबा तेवढे कंधारकडून आलेले. त्या खेड्यात आज आमचे घर नाही, शेत नाही आणि आम्हाला ओळखणारे माणूसही उरलेले नाही. तरी लोकांच्या लेखी आमचे मूळ गाव तेच. नोकरीच्या निमित्ताने गेली सत्तावीस वर्षे मी लातुरात राहतो आहे. लातुरात मी "नांदेडचे". नांदेडात गेलो की "ते आता लातूरचे झाले". आणि दोन्हीकडे "मूळचे कंधारकडचे". पुण्याला मुलाकडे गेलो की मी "मराठवाड्यातले काका" आणि हैदराबादला भाचीकडे गेलो की "महाराष्ट्रवाले मामा". याचा अर्थ, ज्या शहरात जन्मलो आणि ज्या शहरात आयुष्य काढले, ती दोन सोडून बाकी सगळीकडचा मी आहे.

हे एकट्या माझे गाऱ्हाणे असते तर मी लेखणी उचलली नसती. २०११ च्या जनगणनेत नांदेड शहराची लोकसंख्या साडेपाच लाखांच्या घरात होती आणि लातूरची पावणेचार लाखांच्या वर. यांतील कोणालाही विचारून पाहा. नांदेडचा माणूस मुखेड, हदगाव, देगलूर, किनवट सांगेल. लातूरचा औसा, निलंगा, अहमदपूर, उदगीर सांगेल. नऊ लाखांवर माणसांची ही दोन शहरे आणि त्यांत छातीवर हात ठेवून "मी इथला" म्हणणारे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके! सगळेच पाहुणे, आणि घरात यजमान कोणीच नाही. मग अंगण झाडायचे कोणी?

ही खोड काही नवी नाही. राष्ट्रकूट राजे आपल्या लेखांत स्वतःला 'लत्तलूरपुरवराधीश्वर' म्हणवून घेत, आणि लत्तलूर म्हणजे आपले लातूर, असे अभ्यासक मानतात. गंमत अशी, की त्यांच्या वैभवाच्या काळात राजधानी होती मान्यखेट, म्हणजे आजच्या कर्नाटकातील मालखेड. कारभार मालखेडातून करायचा आणि बिरुद लातूरचे मिरवायचे! बाहेर जाऊन मोठे व्हावे आणि तिथे बसून लातूरचा अभिमान सांगावा, ही परंपरा निदान अकराशे वर्षांची आहे म्हणायची. पण त्या राजांनी मूळ गावाच्या अभिमानापायी मालखेडाला धर्मशाळा केले नाही. ते राजधानीसारखे वसवले आणि नांदवले. आपण त्यांचे बिरुद तेवढे उचलले, वसवणे मात्र विसरलो.

आता या शहरांत 'मूळचे' कोण, हे एकदा शोधूनच पाहू. गुरू गोविंदसिंगजी १७०८ साली नांदेडला आले आणि इथेच त्यांनी देह ठेवला. पुढे महाराजा रणजितसिंगांच्या काळात, १८३२ ते १८३७ च्या दरम्यान, सचखंड गुरुद्वाराची इमारत उभी राहिली. त्या गुरुद्वाराच्या आसऱ्याने पिढ्यान् पिढ्या इथे राहिलेले शीख घरात दखनी बोलतात, बाजारात मराठी बोलतात आणि पोळ्याच्या दिवशी कोणाच्या दारात काय शिजते हे त्यांना आपल्याइतकेच ठाऊक असते. पंजाबातला माणूस त्यांना 'दखनी' म्हणतो आणि नांदेडचा माणूस 'पंजाबी' म्हणतो. त्यांचे मूळ गाव कोणते म्हणायचे? १९०० च्या सुमारास मनमाड–सिकंदराबाद रेल्वे आली, तिच्याबरोबर रेल्वेचे नोकर आले. उस्मानशाही गिरणी निघाली, तिच्या मागोमाग कामगार आले. तेलुगू बोलणारे विणकर आले. निजामाच्या दप्तरात उर्दू लिहिणारे कारकून होतेच. त्या सगळ्यांना वजा केले, तर नांदेडात गोदावरीचे पाणी तेवढे मूळचे उरेल. आणि तेही त्र्यंबकेश्वराहून आलेले आहे!

लातूरचेही तेच. १९११ साली बार्शी लाइट रेल्वेची छोटी गाडी लातूरपर्यंत आली आणि व्यापाराची पेठ बहरली. मारवाडी, गुजराती, लिंगायत, कोमटी आले. आडत्यांबरोबर हमाल आले, मापाडी आले. गंजगोलाईकडे एकदा परक्याच्या नजरेने पाहा. मध्ये गोल इमारत, त्यात जगदंबेचे मंदिर आणि भोवती फुटलेले सोळा रस्ते. आपण सोळा दिशांनी आलेल्यांचे आहोत, हे या शहराने आपल्या नकाशातच लिहून ठेवले आहे. पुढे १९७२ च्या दुष्काळाने माणसे आणली. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारीच्या भूकंपाने आणली. येणाऱ्याला लातूरने कधी नाही म्हटले नाही. आलेल्यांनीच एकमेकांना नाही म्हटले.

आणखी एक गोष्ट. ज्या माणसाचे नाव नांदेडच्या विद्यापीठाला आहे, ज्याच्या नेतृत्वाखाली हैदराबादचा मुक्तिसंग्राम लढला गेला, ते स्वामी रामानंद तीर्थ कुठले? जन्म आजच्या कर्नाटकातील सिंदगीचा. हिप्परग्याच्या राष्ट्रीय शाळेत आणि अंबाजोगाईला शिकवता शिकवता ते मराठवाड्याचे झाले. त्यांचे सहकारी गोविंदभाई श्रॉफ गुजराती कुटुंबातले. मराठवाड्याच्या प्रश्नांसाठी म्हातारपणीही रस्त्यावर उतरणाऱ्या या माणसाला 'मूळ गाव' विचारायची कोणाची छाती होती? नरहर कुरुंदकरांचे घराणे कुरुंद्याचे, पण त्यांनी नांदेडला घर केले, पीपल्स कॉलेजात शिकवले आणि १९८२ साली त्यांचे निधन होईपर्यंत पुण्या-मुंबईच्या विद्वानांना नांदेडची दखल घ्यायला लावली. कुरुंदकर नांदेडचे होते, याविषयी कोणी वाद घालत नाही. मोठ्या माणसाला आपण मूळ विचारत नाही. लहान माणसालाच विचारतो.

इथे या प्रश्नाचा गोडवा संपतो आणि दुसरे रूप दिसू लागते. माझ्या ओळखीचा एक तरुण अध्यापक दोन वर्षांपूर्वी लातुरात भाड्याचे घर शोधत होता. मीही सोबत होतो. घरमालकांनी प्रेमाने चहा पाजला. "सर, आडनाव काय म्हणलात?" आडनाव असे, की त्यावरून काही बोध होईना. "मूळ गाव कोणतं?" गावही सांगून झाले. "आमची बी सोयरीक हाय की तिकडं. मग गावात घर कोणत्या अंगाला तुमचं?" मराठवाड्यातल्या वाचकाला या तिसऱ्या प्रश्नाचा अर्थ फोडून सांगायला नको. गावात घर कोणत्या अंगाला हे कळले, की बाकीचे सारे कळते. दुसऱ्या दिवशी निरोप आला : घर आधीच एका नातेवाइकाला कबूल केले होते, लक्षातच राहिले नाही. ती खोली पुढे तीन महिने रिकामी होती.

म्हणजे पाहा, शहरात येऊनही माणसाला त्याच्या गावाच्या त्याच अंगाला नेऊन उभे करण्याचे हे साधन आहे. घटना समितीत ४ नोव्हेंबर १९४८ रोजी बोलताना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी खेड्याचे गोडवे गाणाऱ्यांना खडसावले होते. खेडे ज्याला राखीव कोनाड्यासारखे वाटते आणि खेडे ज्याला कोंडवाड्यासारखे वाटते, त्या दोघांचे 'मूळ गाव' एक नसते. १९७८ साली विद्यापीठाच्या नामांतराच्या ठरावावरून मराठवाड्यात दलित वस्त्या जळाल्या. नांदेड जिल्ह्याने त्या वेळी जे पाहिले ते विसरता येण्यासारखे नाही. त्यानंतर कितीतरी कुटुंबांनी गावाचा नाद सोडून शहराचा रस्ता धरला. त्यांच्या नातवाला आज आपण शहराच्या चौकात उभे करून विचारतो, "मूळ गाव?" त्याने काय सांगावे? ज्या गावाने आजोबांना हाकलले, त्याचे नाव अभिमानाने घ्यावे?

आणि हाच प्रश्न रागाच्या भरात विचारला गेला, म्हणजे काय होते, तेही या दोन शहरांना ठाऊक आहे. कासिम रझवी लातुरात वकिली करीत असे. त्याच्या रझाकारांनी या भागात जो उच्छाद मांडला, तो सोसलेली पिढी आता जवळजवळ सरली; पण त्या पिढीच्या आठवणी घराघरांत आहेत आणि त्या खऱ्या आहेत. १३ ते १७ सप्टेंबर १९४८ ची पोलीस कारवाई झाली आणि आपण मोकळे झालो. पण त्यानंतरच्या दिवसांत ज्यांचा रझाकारांशी संबंध नव्हता अशा मुसलमान कुटुंबांचेही हिशेब चुकते केले गेले. पंडित सुंदरलाल समितीने ज्या चार जिल्ह्यांत सर्वाधिक हानी झाल्याचे नोंदवले, त्यांत उस्मानाबाद आणि नांदेड हे दोन होते, आणि लातूर तेव्हा उस्मानाबाद जिल्ह्यातच होते. आधी एकांनी ठरवले की हे राज्य आमचे, तुमचे नाही. मग दुसऱ्यांनी ठरवले की हे गाव आमचे, तुमचे नाही. दोन्ही वेळा जे मेले, ते इथलेच होते. सुरतशाहवली दर्ग्याच्या आसपास पिढ्यान् पिढ्या राहणाऱ्या माणसाला आपण अजून "तुम्ही मूळचे कुठले?" असे विचारत असू, तर तो प्रश्न मायेचा उरत नाही. तो उलटतपासणीचा होतो.

माझ्या या म्हणण्यावर एक ठरलेले उत्तर येते. ते असे, की आपल्या शहरांविषयी आपलेपणा वाटत नाही याला कारण निजाम. निजाम नसेल तर पुणे. पुणे नसेल तर मुंबईचे सरकार. या उत्तरात तथ्य नाही असे मी म्हणत नाही. १९५३ च्या नागपूर कराराने काही आश्वासने दिली. १ नोव्हेंबर १९५६ रोजी मराठवाडा द्वैभाषिक मुंबई राज्यात आला तो अटी न घालता आला. पुढे दांडेकर समितीला १९८४ च्या अहवालात अनुशेष मोजावा लागला. म्हणजे पाणी, रस्ते, वीज यांत आपल्याला कमी मिळाले, हे सरकारी कागदावरच लिहिलेले आहे. २०१८ साली धर्माबादकडच्या काही गावांनी "आम्हाला तेलंगणात जाऊ द्या" असे म्हटले तेव्हा मुंबईला नवल वाटले. ते वाटायला नको होते. हे सारे मान्य. भांडावे, हक्काने भांडावे.

भाषेचेही मान्य. आमच्याकडचे मूल पुण्याच्या महाविद्यालयात जाते आणि "मी येलालो" म्हणते, तेव्हा वर्ग हसतो. "करलालो, जेवलालो" हे त्यांना विनोदी वाटते. आमच्या बोलीत उर्दूचे शब्द आहेत म्हणून तिला निजामी म्हणून हिणवणारे लोक स्वतः दुकान, अर्ज आणि वकील हे शब्द रोज वापरतात. ते कुठून आले याचा त्यांना पत्ता नसतो. या हसण्याला उत्तर एकच : आमची मराठी गोदावरी-मांजरेच्या खोऱ्यातली आहे, कानडी, तेलुगू आणि उर्दू यांच्या शेजाराने मुरलेली आहे, आणि तिला कोणाच्या प्रमाणपत्राची गरज नाही.

पण मग मला सांगा, आमच्याच घरात काय चालते? पुण्यातला वर्ग एकदा हसतो. आमच्या घरातली आई रोज टोकते. "येलालो नाही म्हणायचं बाळा, येतोय म्हण. उद्या पुण्याला जायचंय ना?" मूल अजून बालवाडीत आहे, आणि त्याची जीभ गाडीत बसवून पुढे पाठवलेली आहे! अनुशेष कोणी मोजायचा या घरातला? निजाम जाऊन पाऊणशे वर्षे उलटली. पाऊणशे वर्षे एकाच कारणावर काढायची, म्हणजे आळसाला इतिहासाचे नाव देणे होय.

आमच्या शहरांना आज सर्वांत मोठा अभिमान कशाचा आहे? लातूरला 'लातूर पॅटर्न'चा. गेल्या तीन-चार दशकांत इथल्या प्राध्यापकांनी आणि विद्यार्थ्यांनी खरोखर कष्ट केले. बोर्डाच्या गुणवत्ता याद्यांत लातूरची नावे झळकू लागली तेव्हा साऱ्या महाराष्ट्राने माना वळवल्या. शेतमजुराचा मुलगा डॉक्टर झाला, हे थोडे नव्हे. त्या कष्टांना मी हात जोडतो. माझी तक्रार निराळी आहे. या साऱ्या यशाचे मोजमाप आपण कशाने करतो? किती मुले बाहेर गेली, याने. जो बाहेर गेला तो यशस्वी, जो राहिला तो बिचारा. बाहेरगावची मुले दोन वर्षे खोली करून राहतात, मेसचे जेवतात, पहाटे क्लासला जातात आणि परीक्षा झाली की गादी गुंडाळून निघतात. आपली स्वतःची मुलेही तशीच राहतात, फरक एवढाच, की ती आईच्या हातचे जेवतात. मुलाला रसायनशास्त्रातली प्रत्येक प्रक्रिया पाठ असते. पण घरच्या नळाला येणारे पाणी कोणत्या धरणातून येते, हे त्याला कोणी विचारलेले नसते, कारण तो प्रश्न परीक्षेत येत नाही. नांदेडची गत वेगळी नाही. तिथे यात्रेकरू येतात आणि जातात, इथे विद्यार्थी येतात आणि जातात. २००८ साली गुरू-ता-गद्दीच्या त्रिशताब्दीसाठी नांदेडला रस्ते झाले, पूल झाले, विमानतळ सजला. पाहुणे येणार म्हणून घर रंगवले, हे छानच; पण घरच्यांसाठी घर केव्हा रंगवणार, हे विचारायला कोणी उरले नाही.

आम्ही शहरासाठी भांडतच नाही, असेही नाही. २००९ साली नवे महसूल आयुक्तालय नांदेडला की लातूरला, यावरून दोन्ही शहरे एकमेकांवर उठली. बंद, मोर्चे, घोषणा, सारे झाले. २०१७ साली मुंबई–लातूर गाडी बिदरपर्यंत नेली तेव्हा लातूर पेटून उठले. दोन्ही भांडणांत मुद्दे होते. पण भांडण कशासाठी होते, ते बघा. एक भांडण साहेबांच्या कचेरीसाठी आणि दुसरे शहराबाहेर नेणाऱ्या गाडीतल्या जागेसाठी! शहरातल्या शाळेसाठी, वाचनालयासाठी, घाण पाणी सोसणाऱ्या गोदावरीसाठी दोन्ही शहरांनी मिळून असा एक दिवसाचा तरी बंद पाळल्याचे मला स्मरत नाही.

एकदाच, फक्त एकदाच, मी लातूरला शहर झालेले पाहिले. २०१६ चा उन्हाळा. मांजरा धरण कोरडे पडले होते. मार्चमध्ये पाणी भरण्याच्या ठिकाणी जमावबंदी लावण्याची वेळ आली. १२ एप्रिलला मिरजेहून साडेतीनशे किलोमीटरच्या आसपास अंतर तोडून रेल्वेने पाणी आले; पहिल्या खेपेला दहा वाघिणी, पाच लाख लिटर. त्या दिवसांत आमच्या गल्लीत टँकर आठवड्यातून एकदा येई. त्याआधी रात्रीपासून घागरी, कॅन, बादल्या, रंगाचे रिकामे डबे यांची रांग लागे. त्या रांगेत भांडणे झाली, हेही खरे. पण त्याच रांगेत समोरच्या घरातल्या म्हातारीची घागर तिसऱ्या गल्लीतल्या पोराने उचलून दिली. भाडेकरूंचे आणि मालकांचे डबे एकाच ओळीत उभे राहिले. जिच्या सावलीला पूर्वी कोणी उभे राहत नव्हते, त्या बाईने सगळ्यांचे नंबर लिहून ठेवायची वही सांभाळली आणि तिच्या शब्दाबाहेर कोणी गेले नाही. रांगेत ठेवलेल्या घागरीला मूळ गाव नसते. त्या चार महिन्यांत बाहेरचा माणूस आम्हाला "कुठले?" म्हणाला, तर आम्ही "लातूर" म्हणत होतो, आणि पुढचा प्रश्न कोणी विचारत नव्हते.

मग पाऊस आला. त्याच वर्षी पावसाळा सरता सरता मांजरा धरण भरून वाहिले. लोक कुटुंबकबिल्यासह ते पाणी पाहायला गेले. ती नंबरांची वही कुठे गेली, मला ठाऊक नाही. पुढच्या दिवाळीत गल्लीत पुन्हा सुरू झाले : "मूळ गावाला नाही का गेलात यंदा?"

यावर विचारी वाचकाचा एक आक्षेप येईल, आणि तो हलका नाही. माणसाला मूळ हवेच; मूळ तोडले तर माणूस उन्मळून पडेल. आजीचे घर, पारावरचा पिंपळ, शेतातल्या म्हसोबाला दाखवलेला नैवेद्य, हे सारे फेकून द्यायचे की काय? मुळीच नाही. ज्यांचे गावी घर आहे, आई-वडील आहेत, त्यांनी जरूर जावे, पोरांना न्यावे, मालेगावच्या खंडोबाच्या यात्रेत त्यांना रेवड्या घेऊन द्याव्यात. माझा विरोध गावाला नाही. गावाच्या नावावर शहराची जबाबदारी टाळण्याला आहे, आणि गावाच्या नावावर शेजाऱ्याची जात काढण्याला आहे. वडाला पारंब्या फुटतात. पारंबी जमिनीला टेकली, की तिथे दुसरे खोड धरते, आणि पुढे पुढे कोणते खोड पहिले, हे झाडालाही सांगता येत नाही. त्यामुळे वड उन्मळत नाही. उलट तो वादळात टिकतो तो त्या पारंब्यांच्या जोरावर. आपल्या आजोबांची पारंबी नांदेड-लातूरच्या जमिनीला टेकून दोन-तीन पिढ्या झाल्या. आपण मात्र अजून हवेत लोंबकळल्याची तक्रार करतो आहोत.

आपलेपणा आधी वाटावा आणि मग आपण शहरासाठी काही करावे, असा क्रम बहुतेकांनी मनाशी धरला आहे. तो उलटा आहे. आईला मूल आपले वाटते ते त्याच्यासाठी रात्री जागल्यामुळे. ज्या शहरासाठी आपण एक रात्र जागलो नाही, ते आपले वाटत नाही म्हणून रडण्यात काय अर्थ? लातूर चार महिने आपले वाटले, कारण चार महिने आपण त्याच्यासाठी उन्हात उभे होतो. त्यासाठी दर वेळी धरण कोरडे पडण्याची वाट पाहायला हवी काय?

तेव्हा या दिवाळीला माझे मागणे मोठे नाही. "गाव कोणतं?" असे कोणी विचारले आणि तुम्ही नांदेडचे असाल, तर "नांदेड" म्हणा; लातूरचे असाल, तर "लातूर" म्हणा, आणि "पण मूळ गाव?" असे आले तर पुन्हा तेच म्हणा. दुसऱ्याने शहराचे नाव सांगितले तर तिथेच थांबा. त्याला चहा विचारा, गावात घर कोणत्या अंगाला ते विचारू नका. घर भाड्याने द्यायचे असेल, तर भाडे किती आणि कधी, एवढेच ठरवा. पोरांना लाडू देताना एकदा त्यांच्या बोलीत बोला, "येलालाव का रे?" म्हणा आणि ती "येलालो" म्हणाली तर सुधारू नका. पुण्याहून, मुंबईहून, हैदराबादहून आलेल्या लेकरांना एक दिवस गोदावरीच्या बंदाघाटावर किंवा गंजगोलाईत फिरवून आणा. कोणत्या रस्त्याने कोण आले ते सांगा. आणि दिवाळी झाली, की आपल्या प्रभागाच्या नगरसेवकाला पाण्याविषयी, शाळेविषयी, नदीविषयी एक प्रश्न तरी विचारा. त्याने उलट विचारले, "तुम्ही मूळचे कुठले?" तर त्याला शांतपणे सांगा की, साहेब, मी इथला मतदार आहे.

दाराशी पणती लावताना आपण ती ज्या घरात राहतो त्या घराच्या उंबऱ्यावर लावतो, आजोबांच्या उंबऱ्यावर नव्हे. शहराच्या बाबतीतही एवढे साधले, तर पुढची दिवाळी आपल्या लेकरांना परक्या ठिकाणी काढल्यासारखी वाटणार नाही. वाचकांना दीपावलीच्या शुभेच्छा. आणि त्या नांदेड-लातूरकराच्या आहेत, मूळच्या कुठल्या ते विचारू नका.